वळणावरची कवळी

पेठ रस्त्याने घाट चढून आलं की करंजपाड्याच्या अलीकडे एक मोठं वळण लागतं. त्या वळणाच्या डाव्या अंगाला यंदा कवळीची रानभाजी अशी दाट उठली होती की बघणाऱ्याचे डोळे निवावेत. हातभर लांब, लुसलुशीत पाती, कडेच्या दगडांपासून थेट डोंगराच्या पायथ्यापर्यंत. आणि पाड्यातल्या एकाही माणसाचा हात तिला लागलेला नव्हता. बाया डोक्यावर भाताच्या रोपांचे भारे घेऊन शेजारून जात, पण तिच्याकडे मान वळवत नसत.

कारण साधं होतं. कवळीचा दिवस अजून झाला नव्हता. गावदेवापुढे कवळीची पहिली जुडी ठेवायची, मग ती घराघरांत खायची. त्यानंतरच टाकळा, कुर्डू, लोत, रानातला सगळा हिरवा पाला माणसाला मोकळा होतो. तोवर तोडायचं नाही, चाखायचं नाही, आणि आम्ही ही खातो असं तोंडाने बोलायचंही नाही. रांगत्या पोराने चुकून पान तोंडात घातलं तर घरातली म्हातारी बोट घालून ते बाहेर काढते. कॉलेजात जाणारी पोरंसुद्धा एवढं पाळतात. बाकी पुष्कळ सोडून दिलं असेल त्यांनी, हे नाही सोडलं.

पूर्वी ही कवळी वर डोंगरात यायची. रस्ता रुंद करायला यंत्रं आली, त्यांनी डोंगराचं पोट फोडून माती कडेला लोटली, आणि मातीबरोबर कवळीचे कंदही खाली आले. वर आता नुसता कातळ उरला. खाली मात्र त्या भुसभुशीत मातीत कंदांनी असा जीव धरला की दर पावसाळ्यात वळण हिरवंगार. भाताची आवणी, म्हणजे लावणी उरकल्यापासून पीक येईपर्यंत पाड्यातल्या तानुबाईचं घर ह्याच भाजीवर चालायचं. पहाटेच्या गाडीने जुड्या नाशिकला न्यायच्या, दुपारी रिकामी पाटी घेऊन परत यायचं. त्यामुळे तिचा मुलगा धनराज आणि सून संध्या यांना दिवाळीआधी दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागांत मजुरीवर जगायला जावं लागत नसे, आणि नातू तिच्या मांडीवर राही. तानुबाईला ह्याहून जास्त काही नको होतं.

त्या दिवशी सासू-सुना आवणीवरून परत येत होत्या. पाय पोटरीपर्यंत चिखलाने माखलेले, कंबर धरलेली, अंगावर प्लास्टिकच्या खोळी. संध्याच्या पाठीला झोळीत पोर झोपलेलं. वळणावर एक छत्रीवाली तरुण बाई उभी होती आणि तिच्याबरोबर रंगाचे दोन डबे घेऊन पलीकडच्या पाड्यातला बहिरू.

"मावशी, जरा थांबता का?" बाई म्हणाली. आवाज गोड होता. "मी तेजश्री, नाशिकहून आलेय. रस्त्याच्या कडेचं बघत चाललोय आम्ही. इथलं गवत, पाला, भाजी असं काही तुम्ही नेता का? खायला, विकायला, गुरांना?"

तानुबाई बावरली. कवळीच्या ऐन अंगावर उभं राहून एक परकी बाई तिचीच चौकशी करत होती. संध्याने तोंड उघडलं, "ही हाय ना, हिचीच तर आमी..." आणि तानुबाईने असा डोळा वटारला की सुनेचं बोलणं ओठांतच राहिलं.

"नाय बाई," तानुबाई म्हणाली. "हितलं आमी कायबी नेत नाय."

"ही एवढी दाट काय आहे मग?"

"गवात हाय."

तेजश्रीने बहिरूकडे पाहिलं. बहिरू तानुबाईच्याच जातकुळीचा, त्याच्या पाड्यातही दिवस व्हायचा होता. तो डोंगराच्या माथ्याकडे बघू लागला. "गवातच हाय मॅडम," तो म्हणाला.

ती पोरगी काही आळशी नव्हती. छत्री बहिरूकडे देऊन ती खाली उतरली, चिखलात बूट भरवून घेतले, वाकून वाकून पाहिलं. एक पातं खुडलेलं नाही, विळ्याचा घाव नाही, पायवाट नाही. "खरंच, कुणाचा हात लागलेला दिसत नाही," असं म्हणून ती वर आली आणि तिने मान हलवली. बहिरूने लाल रंगाच्या डब्यात कुंचला बुडवला आणि वळणाच्या दोन्ही टोकांच्या दगडांवर पट्टा ओढला.

रस्त्याची माणसं दर वर्षी काही ना काही रंगवतातच. तानुबाईला त्यात काही विशेष वाटलं नाही. उलट परक्या बाईच्या दृष्टीतून कवळी सोडवली म्हणून तिला बरंच वाटलं. वाटेत तिने सुनेला दोन शब्दही सुनावले, "तोंडाला कुलूप नाय का वं तुझ्या?"

संध्याकाळी धनराज आला. मागच्या सालापासून तो रस्त्याच्या ठेकेदाराकडे होता. टँकरच्या मागे लांब नळी धरून चालायचं आणि कडेच्या झाडोऱ्यावर तणनाशक मारायचं, हे त्याचं काम. घरी आल्यावर तो आधी विहिरीवर जायचा, साबण लावून कोपरापर्यंत हात घासायचा, तरी बोटांची सालं निघालेली असत आणि अंगाचा तो उग्र वास जायचा नाही. पोर त्याच्याकडे झेपावलं की संध्या त्याला मागे ओढी.

आज मात्र तो खुशीत होता. भाकरीवर चटणी घेत म्हणाला, "यंदा औषध निम्म्यावर आणलंय, आय. नाशिकच्या एका मॅडमनी लय भांडून करून घेतलं. मागल्या साली दिसंल तिथं मारत व्हतो. आता तसं नाय. लोक जिथलं खात्यात, गुरं चारत्यात, तिथं दगडाला पांढरा रंग. तिथं औषध बंद, बाया लावून विळ्यानं कापायचं. जिथं कुणाचंच काय नाय, तिथं लाल. तेवढंच मारायचं."

तानुबाईच्या हातातला घास हातातच राहिला. संध्याने खाली मान घातली आणि पोराच्या अंगावरचं फडकं उगाच सारखं केलं.

"मागल्या साली टँकर घाटाखालनंच फिरला, म्हणून आपली वाचली," धनराज बोलतच होता. "यंदा हितवर येणार हाय. पर आता घोर नाय. आपल्या वळणाला पांढरा दिला आसंल ना?"

भिका, तानुबाईचा नवरा, भिंतीला टेकून आपला दुखरा गुडघा चोळत होता. पाड्याच्या वतीने गावदेवाला कवळी वाहण्याचा मान त्याच्या घराकडे. त्याने बायकोच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचा हात थांबला.

"लाल दिला," तानुबाई म्हणाली. "त्या बाईनं मला इचारलं. मी नाय म्हनलं."

धनराज ताटावरून उठला. आईवर ओरडावं असं त्याला फार वाटलं असणार, पण ओरडायचं काय? त्याला विचारलं असतं तर तोही हेच बोलला असता. तो दारात जाऊन पावसाकडे तोंड करून उभा राहिला.

सकाळी त्याने मुकादमाकडून मॅडमचा नंबर आणला आणि फोन लावून आईच्या कानाला धरला. तानुबाई फोनवर नेहमी ओरडूनच बोलायची. "बाई, त्या वळणाला लाल नको. आमचं घर चालतं त्याच्यावर."

पलीकडून तेजश्री म्हणाली, "मावशी, अहो तुम्हीच मला नाही म्हणालात ना? मी दोनदा विचारलं."

"दिस झाला नव्हता ना बाई."

"कसला दिवस?"

हे फोनवर कसं सांगणार? अजूनही दिवस झालेला नव्हताच. तानुबाईने धनराजकडे पाहिलं. धनराजने फोन घेतला आणि अडखळत, नाव न घेता, आडून आडून सगळं सांगितलं. पोरीला कळलं. कळलं तेव्हा तिचा आवाजच उतरला. ती म्हणाली, मी बदलून घेते, नक्की घेते, पण वरच्या साहेबांची मंजुरी लागेल आणि साहेब सोमवारशिवाय भेटणार नाहीत. तोवर मुकादमाला थांबायला सांगा. मुकादमाचं नाव गोटीराम. त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मला मॅडम नाय पगार देत, ठेकेदार देतो. आन् मला कागद वाचता येत नाय, रंग दिसतो. लाल दिसला का मारायचं. उघडीप पडली का उद्याच घेतो घाटावरचं."

मग तानुबाईने एक उद्योग केला. घरात भिंतीला लावायला आणलेला चुना होता. तो तिने डबड्यात कालवला, खराट्याचा तुकडा घेतला आणि वळणावर जाऊन दोन्ही दगडांचा लाल पट्टा पांढरा करून टाकला. जाणाऱ्या जीपमधल्या माणसांनी मान काढून पाहिलं. तिला लाज वाटली, पण हात थांबला नाही. दगड पांढरेशुभ्र दिसू लागले तेव्हा ती पदराला हात पुसून थोडा वेळ बघत उभी राहिली. घरी पोचेपर्यंत पावसाची मोठी सर आली. तशीच ती माघारी पळाली. चुन्याचं दूध दगडावरून ओघळून रस्त्यावर येत होतं आणि खालून तेलाचा लाल रंग नव्यासारखा चमकत होता. तिने उरलेलं डबडं तिथेच भिरकावलं आणि देवालाच चार शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. असलं लख्ख ऊन आषाढात क्वचित पडतं, आणि पडलं ते नेमकं तेव्हा. टँकर घाट चढून आला, त्याच्यामागे नळी खांद्यावर घेतलेला धनराज, तोंडाला फडकं बांधलेला. तानुबाई कवळीत उभी होती. पाय रोवून, पदर खोचून. आयुष्यात कधी कुणाच्या वाटेत आडवी न आलेली बाई. तिच्या गुडघ्यांना पाती लागत होती, आणि दिवसाआधी कवळीत पाय घातला ह्याचीही तिला धास्ती वाटत होती.

"ए बाई, भाईर निघ," गोटीराम ओरडला.

"म्याडमला इचारा."

"तुजी म्याडम नाशकात. मागं गाड्या बघ किती खोळंबल्या." आणि तो धनराजकडे वळला. "आय तुझी ना? तूच सांग तिला. नाय तर नळी टँकरवरच्या पुंजाकडं दे आन् घरी जाऊन बस. उद्या बी येऊ नको."

मागे गुजरातकडे जाणाऱ्या ट्रकांनी हॉर्नचा गिल्ला केला. धनराज कवळीत उतरला. आईजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "आय, निघ. पुंजा मारील तर पार बुडख्यापर्यंत मारील, कंद बी ऱ्हायचा नाय. मी मारतो. वरवर मारतो. शेंडं तेवढं जातील. ऐक माझं."

तानुबाईने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. फडक्याच्या वर तेवढेच दिसत होते आणि ते लाल झाले होते. ती बाजूला झाली. ह्याची तिला पुढे जन्मभर रुखरुख लागणार होती, पण त्या घडीला दुसरं तिला काही सुचलं नाही.

धनराजने नोझल उंच धरलं आणि चालायला लागला. निम्मं औषध वाऱ्याबरोबर रस्त्यावर जात होतं, थोडं त्याच्याच मानेवर येत होतं. तो भरभर चालला, आता वळण संपणार, एवढ्यात गोटीरामने टँकरच्या पत्र्यावर थाप मारली. "आरं हे काय, लग्नात अत्तर शिंपडतो का? फिर मागं. परत घे. खाली धर नळी."

टँकरवरची माणसं हसली. धनराज उभा राहिला. मग मागे फिरला, नळी खाली धरली आणि ओळीने, कुठेही न सोडता, बुडख्याला बुडखा भिजवत आला. आईकडे त्याने पाहिलं नाही. तानुबाईच्या पायांवर तुषार उडत होते तरी ती हलली नाही. टँकर पुढच्या वळणाआड गेला तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण मघापासून पदराचं टोक दातांत धरून चावतोय.

गंमत अशी की कवळीला काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी ती होती तशीच, तिसऱ्या दिवशीही तशीच, उलट उन्हाने जास्तच तजेलदार. आणि कवळीचा दिवस उजाडला. तांबडं फुटताच पाड्यातल्या बाया नवे विळे घेऊन, अंघोळी करून, डोक्यावर पाट्या घेऊन वळणावर आल्या, तर तिथे तानुबाई हात पसरून उभी.

"तोडू नका गं. औषध पडलंय."

"कुठं पडलंय?" म्हातारी चिमणाबाई म्हणाली. ती पाड्यातली सगळ्यात वडीलधारी. "पान बी वाळलं नाय. कशी दिसती बघ."

"आठ दिसानं वाळतं ते. धनराजला माहीत हाय."

"धनराजला सगळं माहीत. पोरगा औषध मारणार आन् आय भाजी इकणार. सगळी तुलाच पायजे व्हय?"

बाकीच्या बाया हसल्या नाहीत, पण कुणी चिमणाबाईला गप्पही केलं नाही. तानुबाईचं तोंड एवढंएवढं झालं. ह्याच बायांबरोबर तिने पहाटेच्या गाड्या धरल्या होत्या, नाशिकच्या फुटपाथवर पाट्या शेजारी शेजारी मांडल्या होत्या, एकीची भाजी उरली तर दुसरीने ओरडून खपवली होती. ती मटकन खाली बसली आणि सगळं सांगून टाकलं. छत्रीवाली बाई, तिचा प्रश्न, आपलं उत्तर, लाल रंग. "मी नाय म्हनले गं. माझ्या तोंडानं गेली ही."

चिमणाबाईने विळा पाटीत टाकला आणि तानुबाईशेजारी ओल्या कडेवर बसकण मारली.

"मंग काय सांगणार व्हतीस?" ती म्हणाली. "मी बी नायच म्हनले असते."

एकेक करून सगळ्याच बाया तसं म्हणाल्या. धीर द्यायला म्हणाल्या आणि ते खरंही होतं. पण त्याने तानुबाईचा जीव आणखीच तळाला गेला. म्हणजे कुणी उभं असतं तरी हेच होणार होतं, सुटका कुठूनच नव्हती.

आता पेच दुसराच पडला. कवळी नाही म्हणजे दिवस नाही, आणि दिवस नाही म्हणजे टाकळ्यालाही हात लावता येईना. सगळं रान हिरवं उभं आणि पाड्याच्या चुलींवर भाकरी-चटणी. दुसरं काही पान देवापुढे ठेवावं का, ह्यावर भिकाने रात्र घालवली. सकाळी म्हणाला, "बदली पान मी नाय ठेवणार. माझ्या बापानं नाय ठेवलं." शेवटी चिमणाबाईनेच तोड काढली, की पेठच्या बाजारात कुठल्या तरी पाड्याची कवळी येतच असेल, ती आणा. कवळी विकत घ्यायची, आणि तीही देवाला. ऐकणाऱ्यांनी माना खाली घातल्या. पण कुणी नको म्हटलं नाही.

बाजाराच्या दिवशी तानुबाई काळी-पिवळी जीपने पेठला गेली. वर्षानुवर्षं विकायला बसलेली बाई, तिला बाजारात उभ्याने फिरायची सवय नव्हती. भाव विचारताना जीभ जड होत होती. एका कोपऱ्यात लताबाई नावाची ओळखीची बाई बसली होती आणि तिच्यापुढे कवळीच्या जुड्या होत्या. ताज्या, पाणी मारलेल्या, पळसाच्या पानाने बांधलेल्या.

"का वं तानु, तू घेतीस?" लताबाईला नवल वाटलं. "तुमच्याकडं तर रान लागलंय."

"कुठली हाय ही?"

"आमच्याकडचीच. रस्त्याच्या कडंची."

तानुबाईच्या हातात जुडी होती. ती तिने नाकाशी नेली. मातीचा वास आला, पाण्याचा आला. "तिथल्या दगडाला रंग कोनता दिलाय?"

"रंग? कसला रंग?"

"लाल का पांढरा?"

"मी अंधारात तोडली, बाई. दगड कोन बघतंय?" लताबाई हसली. "घेती का नाय? गिऱ्हाईक उभं हाय मागं."

मागे खरंच एक बाई पिशवी उघडून उभी होती. तानुबाईने बाजार पुन्हा पालथा घातला. दुसऱ्या कुणाकडे कवळी नव्हती. परत आली तोवर लताबाईकडे दोन जुड्या उरल्या होत्या. तिने त्या घेतल्या. दुसरं काय करणार?

परतताना वळणावर गाडी हळू झाली. बहिरू दगडाला पांढरा रंग देत होता. तिला बघून त्याने कुंचला हलवला आणि ओरडला, "काकी, झालं काम! मॅडमनी करून आणलं!" त्याच्या मागे कवळी होती. शेंड्यांकडून पिवळी पडत चाललेली, मध्ये मध्ये भाजल्यासारखी, आणि आडवी व्हायला लागलेली. मॅडम शब्दाला जागली होती. तानुबाईने बहिरूला हात केला. त्याच्यावर रागवावं असं त्याने काय केलं होतं?

घरी सगळी तयारी होती. गावदेवाच्या दगडापाशी माणसं जमली होती, भिका धुतलेलं धोतर नेसून दारात उभा होता, गुडघा धरून. देवाला वाहायचं, मग पहिला घास घरातल्या सगळ्यात धाकट्याला द्यायचा, ही रीत. धाकटा संध्याच्या कडेवर होता आणि हिरवं बघून हात पुढे करत होता. धनराज कोपऱ्यात बसला होता. मानेवर त्याला पुरळ उठली होती आणि उद्या कामावर जायचं की नाही हे त्याने अजून ठरवलं नव्हतं.

"आन ती जुडी," भिका म्हणाला. "लोक खोळंबलेत."

तानुबाई चुलीपुढे बसली. जुडी सोडली. पाती पाण्यातून काढली, परत काढली, तिसऱ्यांदा काढली. पदराने पुसून उजेडात धरली. वळणावरची कवळी औषध पडल्यावरही अशीच दिसत होती, हे तिने आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. देवाचं देव बघून घेईल, त्याला काही होत नसतं. पण नातवाचा हात पुढे आलेला होता. त्याला देऊ नये तर रीत मोडते, द्यावी तर...

तिने मूठभर पाती उचलली आणि तोंडात घातली.

"आत्या!" संध्या किंचाळली. "दिस व्हायचाय आजून!"

"ठावं हाय मला."

कच्ची कवळी करकर वाजत होती. तिने ती सावकाश चावली आणि गिळली. जन्मात पहिल्यांदा तिने देवाच्या आधी कवळी खाल्ली होती. भिका दारातून आत आला आणि बायकोच्या ओठांना लागलेला हिरवा रंग बघून जागीच उभा राहिला. तो रागावेल असं तिला वाटलं होतं. तो रागावला नाही. त्याने उंबऱ्यावर बूड टेकलं आणि हळूच विचारलं, "कशी लागती?"

"आपल्यासारखीच लागती," ती म्हणाली आणि तिला एकदम रडू आलं. "थांबा जरा. त्यास्नी म्हनावं, थांबा वाईच."

किती थांबायचं ते तिला ठाऊक नव्हतं, धनराजलाही नव्हतं. बाहेरून कुणीतरी हाक मारली, मग परत मारली. तानुबाई पोटावर हात ठेवून चुलीपुढे बसून राहिली. पोर हिरव्या जुडीकडे झेपावत होतं आणि संध्याने त्याचे दोन्ही हात धरून ठेवले होते.